पेरलेल्या चुका

चुका शोधणाराला सरकारनं पगार द्यावा, हे समजू शकतं. पण चुका करणाराला पगार द्यावा, अन् त्यानं त्या बसून, विचार करून, चहा पिऊन जाणूनबुजून कराव्यात, असलं काम भुजंग खिल्लारेच्याच नशिबी आलं. त्यानं ते केलंही. नाही म्हणायची सोय कुठं होती?

भुजंग रोज सकाळच्या गाडीनं पूर्णेहून परभणीला यायचा. कालव्याच्या पाण्याचा हिशोब मशीनवर घ्यायला नवं कार्यालय निघालं होतं, त्यात तो प्रोग्रामर. कार्यालय म्हणजे भाड्याच्या इमारतीचा वरचा मजला. दोन कॉम्प्युटर, अन् त्यांच्यासाठी एक कूलर. माणसांसाठी पंखा होता, पण लाइट असली तर. नोकरी अजून पक्की नव्हती. प्रोबेशन दिवाळीला संपणार होतं, अन् त्याच्या आईनं त्या दिवाळीवर डोळे लावले होते. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंग्यात त्यांचं गावातलं घर जळालं, तेव्हापासून ती पूर्णेत भाड्याच्या एका खोलीत राहात होती. गावाचं नाव काढलं की पाणी प्यायला म्हणून उठून जायची. पोरगा पक्का झाला की स्वतःच्या दोन खोल्या बांधू, एवढंच तिचं म्हणणं. आता नव्वद साल उजाडलं होतं.

कामाचं म्हणाल तर सोपं होतं. कालव्याखाली कोणाची किती जमीन, त्यावरून त्याच्या शेताला पाणी किती तास, हे प्रोग्रामनं सांगायचं. प्रोग्राम भुजंगनं लिहिला. तो बरोबर आहे का, हे तपासायच्या मात्र दोन तऱ्हा होत्या, अन् दोन तऱ्हांची दोन टोळकी.

एक तऱ्हा रंगनाथची. रंगनाथ पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला, अंगात रग. तो मनाचे आकडे मशीनमध्ये घालायचा अन् उत्तर बरोबर येतं का बघायचा. चुकलं की सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा ओरडायचा.

दुसरी तऱ्हा मुकाबल्याची. हे काम जुनं. व्यंकटराव हैदराबादच्या राज्यात नक्कल खात्यात उमेदवारीला लागले, तेव्हा हाच धंदा होता. एकानं नक्कल मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं असलवर, म्हणजे मूळ कागदावर, बोट ठेवून ऐकायचं, अन् फरक दिसला की थांबायचं. राज्य गेलं, खाती बदलली, पेडगावच्या व्यंकटरावांचं बोट काही हललं नाही. आता ते बोट भुजंगनं मराठीत लिहून दिलेल्या पायऱ्यांवर असायचं, अन् समोर सरजाबाई प्रोग्रामचा छापील कागद वाचायच्या. सरजाबाई टायपिंग शिकलेल्या. नवरा येलदरीला धरणाच्या कामावर होता, तो वारला, तेव्हापासून बाई रोजंदारीवर. पहिल्या पहिल्यांदा त्या इंग्रजी अक्षरं नुसती सुटी सुटी वाचायच्या. वर्षभरात कुठला शब्द कशाला म्हणतात, हे दोघांनाही चांगलं उमगलं होतं. पण रोज दुपारभर तो एकसुरी आवाज ऐकून भुजंगचं डोकं उठायचं, हेही तितकंच खरं.

व्यंकटरावांचं अन् त्याचं तसंही जमत नव्हतं. समोरच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा रंगवल्या होत्या. खिडकीशी उभं राहिलं की व्यंकटराव म्हणायचे, "नाव बदलून कोनाचं पोट भरायलंय हो?" भुजंग म्हणायचा, "मंग राहू द्या की बदलून, तुमचं काय जायलंय?" त्यापुढं दोघं दिवसभर गप्प.

अशात नेवरगावकर साहेब पुण्याहून प्रशिक्षण घेऊन आले. साहेब माणूस वाईट नव्हता, पण नवं काही शिकून आला की बाकीच्यांची धडगत नसायची. त्यांनी भुजंगला केबिनमध्ये बोलावलं अन् दार लावून घेतलं.

"खिल्लारे, दोन तऱ्हांनी तपासणी करतो आपण. एक बंद करा, असं वरून आलंय. कोणती करायची?"

"साहेब, दोन्ही चालतात की."

"चालतात हे तुम्ही म्हणता. मला मोजून पाहिजे. शेतात आपण बी पेरतो ना, तशा प्रोग्राममध्ये चुका पेरा. तुम्हालाच ठाऊक, कुठं कुठं पेरल्या. एक फ्लॉपी रंगनाथला, एक व्यंकटरावांना. ज्याला जास्त सापडतील ती तऱ्हा ठेवू."

"अन् दुसरी?"

"व्यंकटराव परमनंट आहेत, ते दुसऱ्या टेबलावर बसतील. मुकाबला हरला तर बाईंना मात्र पुढं कामाची ऑर्डर देता येणार नाही." साहेब पाणी प्यायले. "अन् हे त्यांना सांगायचं नाही. सांगितलं तर डोळ्यांत तेल घालून बसतील, मग मोजमापाला अर्थ काय राहिला?"

बोलणं बरोबर होतं, हेच वाईट. भुजंग जागेवर येऊन बसला तेव्हा सरजाबाई डबा सोडत होत्या. त्यांनी विचारलं, "खाता का सायेब, शेंगदान्याची चटनी हाय." तो म्हणाला, भूक नाही.

चुका करणं सोपं असतं, असं ज्याला वाटतं त्यानं कधी मुद्दाम करून बघाव्यात. लगेच दिसेल अशी चूक कामाची नाही, कोणालाच दिसणार नाही अशीही कामाची नाही. माणूस थकल्यावर, घाईत, गाडी चुकंल म्हणून करतो तशी पाहिजे. भुजंगनं तीन दिवस त्यात घातले. एका जागी अधिकच्या ठिकाणी वजा केलं. एका जागी यादीतला शेवटचा शेतकरी गाळला. कुठं तासाची मिनिटं करायची विसरल्यासारखं केलं, कुठं ऊस अन् ज्वारी यांचं पाणी अदलाबदल केलं. आपलाच चांगला चालणारा प्रोग्राम असा मोडताना त्याला कंटाळा आला, मग चीड आली, मग काहीच वाटेनासं झालं. गाडीत खिडकीला डोकं टेकून तो झोपायचा अन् पूर्णा आली की कोणीतरी हलवून उठवायचं.

फ्लॉप्या दिल्या. नवीन बदल केलाय, तपासा, एवढंच सांगितलं.

रंगनाथ पहिल्याच दिवशी ओरडला. "ओ खिल्लारे! हे काय करून ठेवलंय राव? उसाला पाणी कमी अन् ज्वारीला जास्त!" आठवडाभर तो असाच ओरडत राहिला अन् पेरलेल्यातल्या निम्म्याच्या वर चुका त्यानं काढल्या. मुकाबल्याकडून मात्र व्यंकटराव आठवड्याच्या शेवटी आले अन् चष्मा पुसत म्हणाले, "दोन सापडल्या. बाकी ठीक हाय."

"दोनच?"

"दोनच."

भुजंगला आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, वाटलं. हेच ते बोट, इतक्या वर्षांची ऐट, अन् निघाल्या दोन! म्हाताऱ्याला दिसत नसेल. नाहीतर आपलं काम म्हणून मन लावून वाचलंच नसेल. असं मनात चाललं असताना आतून सरजाबाईंचा वाचण्याचा आवाज आला, अन् त्याचं ते बरं वाटणं तिथंच संपलं. दोनवर बाईंची नोकरी राहात नव्हती.

साहेबांना आकडा सांगण्याआधी त्यानं ठरवलं, की मुकाबल्यात कुठल्या चुका निसटल्या ते स्वतः बघावं. सगळे जेवायला गेले होते. त्यानं व्यंकटरावांची फ्लॉपी घातली अन् उसाचं एक शेत दिलं. उत्तर चुकायला पाहिजे होतं. बरोबर आलं.

यादीतला शेवटचा शेतकरी गळायला पाहिजे होता. तोही आला.

भुजंगला वाटलं, आपण फ्लॉपीच भलती दिली. कपाळाला हात लावून त्यानं प्रोग्राम उघडला अन् एकेक ओळ बघू लागला. वजाच्या जागी पुन्हा अधिक झालं होतं. मिनिटं आली होती. त्यानं जिथं जिथं मोडलं होतं, तिथं तिथं कोणीतरी नीट जोडून ठेवलं होतं. चारदोन राहिल्या होत्या, पण बाकी सगळ्या दुरुस्त. टायपिंग करणारं माणूस त्या टोळक्यात एकच होतं.

अन् मग त्याला आणखी एक ओळ दिसली. ती त्यानं मोडलीच नव्हती.

चाळीस गुंठ्यांचा एक एकर, हे इकडं शेंबडं पोरही सांगेल. एखाद्याच्या जमिनीचे दोन तुकडे असले तर प्रोग्राम त्यांची बेरीज करायचा, अन् गुंठे चाळीसच्या वर गेले की एक एकर वाढवायचा. चाळीसच्या वर गेले की! बरोबर चाळीस झाले तर काय? दीड एकर अन् दीड एकर, भावाभावांच्या वाटणीत पडतात तसे तुकडे, त्यांचे झाले दोन एकर चाळीस गुंठे. पुढं तासांच्या हिशोबात चाळीस गुंठे म्हणून काही नव्हतंच, तिथं एकोणचाळीसला संपत होतं. म्हणजे तीन एकरवाल्याला पाणी दोन एकरांचं. ही चूक पेरलेली नव्हती. ही भुजंगची होती, पहिल्यापासूनची; मराठी पायऱ्यांत त्यानं 'चाळीस झाले की' असं बरोबर लिहिलं होतं, प्रोग्राममध्ये उतरवताना चुकला होता. रंगनाथच्या आकड्यांत ती कधी आली नाही, कारण रंगनाथ आपला सात गुंठे, तेरा गुंठे असले मनाचे आकडे घ्यायचा. खऱ्या प्रोग्राममध्ये ती अजून तशीच बसलेली होती, अन् तो प्रोग्राम रंगनाथच्या तपासणीतून पास होऊन, ह्या भागाचा मुकाबला व्हायच्या आधीच, पुढच्या पाणीपाळीला लागणार होता. इथं, ह्या फ्लॉपीत, ती कोणीतरी चुपचाप सुधरून ठेवली होती.

व्यंकटराव अन् सरजाबाई जेवून आले तेव्हा तो तिथंच बसला होता.

"व्यंकटराव, दोनच सापडल्या म्हनले होते तुमी."

"मंग?"

"मंग ह्या बाकीच्या कोनी दुरुस्त केल्या?"

सरजाबाईंनी पदर तोंडाला लावला. व्यंकटरावांनी मागं वळून पाहिलं, रंगनाथ अजून आला नव्हता. ते म्हणाले, "दार लोटा बाई."

मग खुर्ची ओढून बसले. "नक्कल खात्यात एक रिवाज होता. सोबत्याची गलती वर दाखवायची न्हाई. गुपचूप सुधरायची. दोनेक तेवढ्या दाखवायच्या, न्हाईतर वरच्याला वाटतंय मुकाबला झालाच न्हाई. तुमच्या कागदात तर गलत्याच गलत्या! मी बाईला म्हनलं, ह्या जर वर गेल्या तर पोराचं प्रोबेशन गेलं. अन् काय म्हनतील, ठाऊक हाय ना? कोट्यातला हाय, असाच असनार. ते कामून ऐकून घ्यायचं? बाई संध्याकाळच्या थांबून टाइप करायच्या."

"लेकराची भाकर जाऊ नाही म्हनलं," सरजाबाई हळूच म्हणाल्या.

ज्या माणसाशी वर्षभर धड बोललो नाही, तो आपल्याला झाकत बसला होता. त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण आता खोटं पुढं ओढायचं त्याच्या जिवावर आलं, अन् तो सरळ बोलून गेला.

"त्या चुका मी मुद्दाम घातल्या होत्या. साहेबानं सांगितलं होतं. कोनाला किती सापडतेत ते मोजायला."

"म्हंजे आमची परीक्षा?" व्यंकटराव उठून उभे राहिले. "आमी तुला झाकायलो, अन् तू आमाला तपासायलास?" तुमी गेलं, तू आलं, हे त्यांनाही कळलं नाही.

"हारलो तर काय होनार होतं?" सरजाबाईंनी विचारलं. भुजंग खाली बघत राहिला तेव्हा त्यांना कळलं. "माझंच ना? माझंच होनार होतं ना सायेब?"

"हो."

"अन् चटनी खाता का म्हनलं तवा ठाऊक होतं तुमाला?"

"होतं."

बाईंनी शिव्या दिल्या असत्या तर भुजंगनं ऐकून घेतल्या असत्या. पण त्या नुसत्या बघत राहिल्या, अन् त्या बघण्यानं भुजंग तापला. कोणावर तापला कोण जाणे, बहुतेक सगळ्यांवर.

"मी चुकलो, मान्य हाय. पन एक सांगा व्यंकटराव. एवढ्या चुका दिसल्या, अन् तुमाला एकदाबी वाटलं न्हाई, की हे भुजंगचं काम नसंल? वर्षभर माझंच वाचायलात तुमी. अधिकच्या जागी वजा करनारा वाटलो मी तुमाला? एकदा तरी इचारायचं, खिल्लारे हे काय झालं म्हनून. न्हाई. तुमी लगेच धरलं, की ह्याच्याच असनार. वरचे म्हनतील म्हनता, अन् तुमी काय म्हनले मंग? दया केली, पन ठोंब्या समजूनच केली ना?"

इतक्या वर्षांत व्यंकटरावांना कोणी असं विचारलं नसेल. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, भिंतीकडं तोंड करून. तिथूनच म्हणाले, "साहेबाला सांग, मीच झाकल्या. बाईनं नुसतं वाचलं."

रात्री भुजंगला झोप लागली नाही, एवढंच सांगतो, जास्त नाही. सकाळी गाडीत तो सगळं पुन्हा मांडत होता. दोन सांगितल्या तर बाई जातात. खरं सांगितलं, सापडल्या पण झाकल्या, तर साहेब म्हणणार, मग मला काय उपयोग? अन् त्यांचंही चूक म्हणता येणार नाही. बाईंना वाचवील अशी गोष्ट एकच होती, अन् ती सांगायची म्हणजे आपल्या हातानं आपल्या पायावर दगड घालायचा. न सांगता ती चाळीस गुंठ्यांची ओळ खऱ्या प्रोग्राममध्ये गुपचूप बदलता आली असती. दोन मिनिटांचं काम. कुत्रंही विचारायला आलं नसतं. परभणी आली तरी तो बसूनच होता, डबा रिकामा झाल्यावर उतरला.

साहेबांनी सगळं ऐकलं अन् नेमकं तेच म्हणाले. "सापडल्या अन् सांगितल्या नाहीत? खिल्लारे, मला शोधणारा नको, सांगणारा पाहिजे. उद्या हे काय काय झाकतील! नाही, बंदच करू मुकाबला."

"साहेब, एक राहिलं."

"काय?"

"त्यांनी एक अशी काढली, जी मी पेरली नव्हती."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. भुजंगनं दीड अन् दीड एकर कागदावर मांडून दाखवले. साहेब मान हलवत राहिले, मग त्यांची मान थांबली.

"असे दोन तुकडे किती जणांचे असतील?"

"लय जनांचे, साहेब. वाटन्या सगळ्यांच्याच झाल्यात."

"अन् रंगनाथच्या तपासणीत?"

"आलीच नाही. आली नसती."

"म्हणजे पाणी सोडलं असतं अन् लोक इथं काठ्या घेऊन आले असते." साहेबांनी चष्मा काढला. "पेरलेल्या सापडणं एक वेळ खेळ म्हणू. ही खरी सापडली. मग मुकाबला बंद कसा करू?" कागद पुढं ओढून त्यांनी विचारलं, "ही चूक कोणाची?"

कोणाची ते त्यांना ठाऊक होतं. प्रोग्राम लिहिणारा मजल्यावर एकच होता.

"माझी."

"लेखी द्यावं लागेल."

"देतो."

"मला वर पाठवावं लागेल, खिल्लारे. झाकाझाकीवर आत्ताच एवढं बोललोय मी."

"हो साहेब," भुजंग म्हणाला. त्याला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. नुसतं कुठंतरी आडवं पडावं असं वाटलं.

आदेश आले ते दोन. मुकाबला चालू राहील, सरजाबाईंना पुढची ऑर्डर मिळेल, मात्र सापडलेली प्रत्येक चूक, ज्याची त्याचं नाव घालून, सरळ साहेबांकडं लेखी जाईल. दुसरा आदेश भुजंगचा. प्रोबेशन एक वर्ष वाढवलं.

व्यंकटरावांनी दोन्ही वाचले. कागद टेबलावर ठेवला अन् डोक्याला हात लावला. "अरे पन भुजंगा, ती खरीवाली सांगितलीसच कशाला? आमी झाकली होती की."

भुजंगनं त्यांच्याकडं पाहिलं. ह्या माणसाला कुठून सुरुवात करून सांगावं? "चहा घेता का?" त्यानं विचारलं. व्यंकटराव हो म्हणाले. दोघांनी चहा घेतला, अन् तेवढा वेळ नामांतराचं काही निघालं नाही.

काम पुन्हा सुरू झालं. पुढचा प्रोग्राम आला, तोही भुजंगचाच, पाणीपट्टीच्या नोंदींचा. दुपारी सरजाबाईंचा एकसुरी आवाज चालला होता, तो मध्येच थांबला. व्यंकटरावांचं बोट एका ओळीवर टेकलं होतं. सरजाबाई कागद घेऊन भुजंगच्या टेबलाशी आल्या.

"सायेब, हितं एक हाय. पेरलेली हाय का?"

भुजंगनं वाचलं. पेरलेली म्हणाला असता तर विषय तिथंच मिटला असता, बाईही मानल्या असत्या, व्यंकटरावही. त्यानं पुन्हा एकदा वाचलं.

"न्हाई बाई. माझी हाय."

सरजाबाई उभ्याच राहिल्या. चुकीचा कागद त्यांच्या एका हातात होता, पेन दुसऱ्या हातात. त्यांनी व्यंकटरावांकडं पाहिलं, व्यंकटरावांनी मान दुसरीकडं वळवली.

"नाव लिहावं लागतंय," त्या म्हणाल्या. "तुमचं वरीस पुन्हा वाढवतील ओ."

"वाढवू द्या. न लिहिलं तर तुमी जाल."

"कसं लिहू सायेब मी?"

"लिहा बाई," भुजंग म्हणाला. "त्याचाच पगार हाय तुमाला."

सरजाबाईंनी कागद त्याच्याच टेबलावर टेकवला अन् त्याचं नाव लिहिलं.